मदत हवी आहे : डुइसबुर्ग बंदरावरील लेखासाठी

नमस्कार. ऱ्हाइन आणि रुर या नद्यांच्या संगमावरील डुइसबुर्ग या जर्मन शहरावर मी दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. ज्या गावात मर्केटरने १५६९ साली आपला जगाचा नकाशा सिद्ध केला, तेच पुढे कोळसा आणि पोलादाच्या बळावर युरोपातील सर्वांत मोठे नदीबंदर कसे झाले, हा भाग लिहून झाला आहे.

अडले आहे ते उतरत्या काळापाशी. शहराच्या ऱ्हाइनहाउझेन भागातला पोलाद कारखाना वाचवण्यासाठी कामगारांनी १९८७ च्या अखेरीस रस्ते आणि पूल अडवले, तरी १९९३ मध्ये तो बंद झालाच. शहराच्याच मायडरिच भागातील बंद पडलेल्या कारखान्याचे मात्र उद्यान झाले. तिथल्या गंजलेल्या झोतभट्टीवर आज लोक चढून जातात आणि जुन्या वायुटाकीत भरलेल्या पाण्यात पाणबुडे सराव करतात. हे मला फार मोलाचे वाटते.

तिथे राहिलेल्या कुणी कामगार वस्त्यांतील, विशेषतः तुर्की कुटुंबांच्या, आजच्या जीवनाविषयी स्वतः पाहिलेले सांगू शकेल का? शिवाय, कालव्यात बोटींना एका पाणपातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दरवाजांच्या रचनेसाठी मराठीत रूढ शब्द कोणता, हेही कृपया कळवावे.