मदत हवी आहे : सिमेंटच्या चकत्या आणि पुल-अपचे खांब
सर्व जाणकारांना नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही व्यायामाचे साहित्य घरीच तयार करत आहोत. वजन उचलण्याच्या दांड्यासाठी 25 मिलिमीटर जाडीचा, 6 फुटी भरीव लोखंडी गज घेतला. त्याचे वजन 7 किलोच्या आसपास भरते. पोकळ पाइप जड वजनाखाली वाकतो, म्हणून तो मुद्दाम टाळला.

खरी अडचण या दांड्यावर चढवायच्या वजनाच्या चकत्यांची आहे. 10 किलोच्या चकतीला चार लिटरहून थोडे अधिक काँक्रीट लागते, म्हणून जुन्या घमेल्याचा साचा करून मधोमध पाइपचा तुकडा उभा ठेवतो आणि घट्ट झालेली चकती ओल्या पोत्याखाली झाकून ठेवतो. तरीही वापर सुरू झाला की पाइपच्या कडेपासून केसासारखी बारीक भेग काठाकडे सरकत जाते. आत कोंबडीजाळी पुरेल, की 6 मिलिमीटरच्या सळईचे कडे घालावे लागेल? मुले बहुधा अनवाणीच व्यायाम करतात, त्यामुळे फुटलेला तुकडा कुणाच्या पायावर पडेल याची आम्हाला फार काळजी वाटते.

दुसरा प्रश्न पुल-अपच्या खांबांचा. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा, की खड्ड्यातली काळी माती काढून त्यात मुरूम भरून धुमसला तरी चालेल? अशा जमिनीत ज्यांनी खांब प्रत्यक्ष उभे केले आहेत, त्यांनी कृपया पायाची खोली आणि सिमेंट, रेती व गिट्टीचे प्रमाण कळवावे.