लिमिट होल्डेम पोकरमध्ये टॉप पेअर टिकत नाही. मदत हवी आहे

उतावळा गुलाम
जाणकारांनी लवकर सांगा, आज रात्री परत बसायचं आहे. मला टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यांत मोठ्या पानाशी जोडी) लागते, पण कायम नव्वी-अठ्ठीची. फ्लॉपवर (पहिली तीन उघडी पानं) ती सगळ्यांत वर, टर्नला (चौथं पान) एखादं चित्र आलं की खलास.
काल हातात इस्पिकची दश्शी-नव्वी. फ्लॉप: बदामची नव्वी, बदामची छक्की, किल्वरची चौकी. चेक-रेझ मारला (आधी बेट न टाकता चेक, मग दुसऱ्याच्या बेटवर रेझ), एकही जण गेला नाही! टर्नला चौकटची राणी. मी बेट टाकली, बटणवाल्याचा (डीलरच्या जागेवरचा, फेरीत शेवटी बोलणारा) रेझ आला, मी पत्ते टाकले. त्याने नंतर दाखवले: किल्वरची राणी-गुलाम. म्हणजे माझं टाकणं बरोबर होतं, तो प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, चेक-रेझ मारूनही लोक जात नसतील तर घालवायचे कसे? 'टाइट खेळा' वगैरे नको.

जोकर००७
एवढा काय विचार? पॉटइतकी (टेबलावर जमलेल्या रकमेइतकी) बेट लावायची, नाहीतर थेट ऑल-इन. राणी-गुलाम घेऊन कोण येतो बघू.

इस्पिकराव
अहो शीर्षक तरी वाचा. लिमिट आहे. फ्लॉपला छोटी बेट, टर्न-रिव्हरला (रिव्हर म्हणजे शेवटचं, पाचवं पान) तिच्या दुप्पट, आणि बहुतेक ठिकाणी फेरीत एक बेट नि तीन रेझ झाले की संपलं. मनाला येईल तेवढं लावता आलं असतं तर हा धागा निघालाच नसता.
@उतावळा गुलाम, तुम्ही कुठे बसला होता? फ्लॉपला किती जण होते?

उतावळा गुलाम
बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच एक छोटी बेट भरणारी जागा), पाच जण. त्याने काय फरक पडतो? पत्ते तेच ना.

चौकटराणी
सगळा फरक त्यानेच पडतो. फ्लॉपच्या आधी रेझ कुणाचा होता तेही सांगितलं नाहीत.

उतावळा गुलाम
माझ्या लगेच डावीकडच्याचा. मग मधले दोघे आणि बटणवाला कॉल, स्मॉल ब्लाइंड (अर्धी छोटी बेट आधीच भरलेला) गेला, मी कॉल. फ्लॉपला मी चेक, रेझवाल्याची बेट, तिघांचे कॉल, माझा रेझ, सगळ्यांचे कॉल. झालं समाधान? आता उत्तर द्या.

श्री. गंभीर
दश्शी-नव्वीवर रेझ कॉल करायचाच कशाला? खरी चूक तिथेच झाली. मी असे पत्ते बघून न बघितल्यासारखे टाकतो.

इस्पिकराव
बिग ब्लाइंडला एकच छोटी बेट आणखी भरायची होती आणि पॉटमध्ये साडेनऊ होत्या. त्यात पानं सलग आणि एकाच रंगाची. इथे टाकत असाल तर तुमच्या टेबलावर माझी जागा धरून ठेवा.

चौकटराणी
फ्लॉपला पॉट साडेदहा छोट्या बेट्सचा. चेक केलंत, त्यामुळे तिघांनी आधी एकेक बेट भरली. मग तुमचा रेझ आला, रेझवाल्याने कॉल केला, आता पहिल्या मधल्याला फक्त एक बेट भरायची आणि पॉटमध्ये साडेसतरा. गटशॉटला (सलग पाचांत मधलं एकच पान हवं असलेला) कामाची चार पानं असतात, त्याला १०.७५ ला १ हा भाव (पॉट आणि भरायची बेट यांचं प्रमाण) पुरतो. तो कशाला जाईल? राणी-गुलाम तर नाहीच जाणार.
आधी स्वतः बेट टाकून बघा. लोक डाँक (अडाणी बेट) म्हणून हसतील, हसू देत. डावीकडचा रेझवाला बरेचदा तिथे रेझ मारतो, ओव्हरपेअर (हातातच नव्वीहून मोठी जोडी) असो की नुसते एक्का-राजा. मग मधल्यांसमोर एकदम दोन बेट्स येतात आणि पॉटमध्ये साडेतेरा. म्हणजे ६.७५ ला १. गटशॉट गेला. राणी-गुलामची सहाच्या सहा पानं चांगली धरली तरी ६.८३ लागतो, आणि रेझवाल्यासमोर ती सगळी चांगली नसतातच.

मधली सीट
कागदावर छान. त्याने रेझ न मारता नुसता कॉल केला तर? मधल्यासमोर एक बेट, पॉटमध्ये साडेबारा, सगळे आत. आणि खरंच ओव्हरपेअर असली तर जास्त पैसे तुमचेच अडकले.
मी अशा पॉटला फ्लॉपवर नुसता कॉल करतो. नव्वीच्या वर एक्का, राजा, राणी, गुलाम मिळून १६ पानं. न दिसलेल्या ४७ पैकी १६, म्हणजे टर्नलाच ३४ टक्के, दोन्ही पानांत मिळून ५७. आधी टर्न बघा, कोरा पडला तर मोठ्या बेटवर चेक-रेझ.

इस्पिकराव
बेट टाकणारा तुमच्या उजवीकडे असेल तर हे पटलं. इथे तो डावीकडे आहे. टर्नलासुद्धा तुमच्यापर्यंत येईस्तोवर मधले एकेक मोठी बेट भरून बसलेले असणार. फ्लॉपला झालं तेच परत.

मधली सीट
बरं, मग टर्नला चेक न करता बेट टाका. फ्लॉपला नुसता कॉल केल्यावर पॉट पावणेआठ मोठ्या बेट्सचा. मी एक टाकली, रेझवाल्याने फक्त कॉल केला, तरी मधल्याला ९.७५ ला १ मिळतो. गटशॉटला तेव्हा साडेदहा हवा. रेझची वाट बघायची गरजच नाही. आता बोला.

चौकटराणी
आणि ज्या ३४ टक्के वेळा चित्र पडतं, तेव्हा सगळ्यांना ते एका छोट्या बेटमध्ये दाखवलंत. ओव्हरपेअर असली तर पाच पानं उरतात, दोन नव्व्या नि तीन दश्श्या. पण मधले निघून गेले तर तेवढं चालतं मला.

गणित कच्चं
पण घालवायचं कशाला? पाच जणांत टॉप पेअरचा वाटा पाचव्या हिश्श्याहून जास्तच असणार. राहू देत की, पैसे तेच भरतायत.

चौकटराणी
चुकीच्या भावात राहिले तर राहू देत. साडेसतराच्या भावात राहणारा चुकत नाहीये.

वाचनमात्र
अवांतर: लिमिट होल्डेम संगणकाने सोडवलाय ना? अल्बर्टा विद्यापीठाचा सेफियस, २०१५. त्यालाच विचारा.

इस्पिकराव
तो दोघांपुरता. इथे पाच जण आहेत. पण त्यातही डीलरच्या जागेला फायदा निघाला होता, म्हणून कुठे बसलात विचारलं.

श्री. गंभीर
या सगळ्याआधी ३०० मोठ्या बेट्सची रक्कम बाजूला आहे का? नसेल तर खालच्या टेबलावर जा.

उतावळा गुलाम
विचारलंय का कुणी?

इस्पिकराव
मग मीही न विचारलेलं बोलतो. टर्नला रेझ आला तेव्हा पॉट किती होता?

उतावळा गुलाम
मोजत नाही बसलो. मी बेट टाकली, रेझवाला गेला, एकाचा कॉल, एक गेला, बटणाचा रेझ.

इस्पिकराव
मी मोजतो. आधीच्या सव्वादहा मोठ्या बेट्स, तुमची एक, कॉलची एक, बटणाच्या दोन. सव्वाचौदा झाल्या, तुम्हाला भरायची होती एक. त्याच्याकडे राणी-गुलाम आहे हे तेव्हाच दिसलं असतं तरी तुमची पाच पानं होती, ४४ पैकी. ७.८ ला १ पुरला असता. रिव्हर न बघता एवढा पॉट सोडलात.

उतावळा गुलाम
पण मी मागेच होतो ना!

इस्पिकराव
होतातच. मागे असूनही भाव होता. मधला कॉलवाला तिसरी बेट मारणाऱ्यातला असेल तर गोष्ट वेगळी. तो कसा खेळतो?

उतावळा गुलाम
माहीत नाही, कालच पहिल्यांदा बसला. असो. रेझवाला बटणावर असेल तर काय करायचं ते सांगा, पटकन.

चौकटराणी
मग तुमचाच चेक-रेझ. सगळे चेक करत त्याच्यापर्यंत जातात, तो बेट टाकतो, तुम्ही लगेच रेझ, आणि मधल्यांसमोर दोन बेट्स.

जोकर००७
आणि त्यानेही चेक केलं तर?

चौकटराणी
अखेर कामाचा प्रश्न विचारलात. तर सगळ्यांना टर्न फुकट. म्हणून न चुकता बेट टाकणाऱ्यासमोरच करा, बाकीच्यांसमोर स्वतः बेट टाका.