फायनल इयर प्रोजेक्टसाठी कोणता टॉवर घेऊ? (सिव्हिल, नागपूर)

सिव्हिलवाला_नागपूर
नमस्कार मंडळी. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी बुर्ज खलिफाचं मॉडेल ईटॅब्स या इमारतीचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं म्हणून राहिलो, पण आमचे गाइड सर म्हणतात, "828 मीटरचं चित्र काढशील, शिकशील काय?" मला पुढं उंच इमारतींचंच काम करायचं आहे. कोणती इमारत घेऊ? कॉलेजात विंड टनेल (मॉडेलवर वारा सोडून बघायचा बोगदा) नाही.

खांब_तुळई
सरांचं बरोबर आहे, पण हिरमुसू नको भाऊ. आधी शिकागोचं जॉन हॅनकॉक सेंटर घे. 1969 चं, 100 मजले, 344 मीटर. ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांचं काम. बाहेरच्या भिंतींवर मोठमोठे तिरपे मेंबर (पोलादी दांडे) आहेत ना, त्यांच्यामुळे अख्खी इमारत एका पोकळ नळीसारखी वाऱ्याला तोंड देते. ती नळी जमिनीत रोवलेला कॅन्टिलिव्हर (एकच टोक घट्ट धरलेली तुळई) समजून आधी वहीत सोडव. वारा आणि सेक्शन (आडवा छेद) तेच ठेवून उंची दुप्पट कर: तळाचा मोमेंट (वाकवणारा जोर) चौपट होतो, शेंड्याचं सरकणं सोळापट. वजनापेक्षा वारा का छळतो, ते इथंच कळतं. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नागपूरच्या वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद आहे, तोच लाव. वहीतलं उत्तर जुळेपर्यंत ईटॅब्सवर विश्वास ठेवू नको.

धरमपेठकर_दुबई
खांब_तुळई दादांशी सहमत, तरी बुर्ज पूर्ण सोडू नकोस. बुर्जचे स्ट्रक्चरल इंजिनिअर बिल बेकर यांच्या रचनेत मधल्या षट्कोनी गाभ्याला तीन पंख तिन्ही बाजूंनी टेकू देतात. वर जाताना पंख टप्प्याटप्प्यानं आखडतात, म्हणून प्रत्येक उंचीवर वाऱ्याचे भोवरे वेगळ्या ठेक्यात सुटतात आणि एकजुटीनं इमारतीला झुलवू शकत नाहीत. प्रोजेक्टमध्ये यावर एक प्रकरण ठेवच.

आणि काँक्रीटही वाच. तिथं उन्हाळ्यात रात्री ओतायचे, मिश्रणात बर्फ घालून. मी नागपूरला नोकरीत होते तेव्हा मे महिन्यात एका साइटवर भर दुपारी स्लॅब ओतला. तासाभरात पृष्ठभाग पांढरा पडला आणि संध्याकाळी भेगांत नखं जात होती. तेव्हापासून मी काँक्रीटचं तापमान स्वतः मोजते.

लोलक
विंड टनेल नसलं तरी डॅम्पर (झोके शमवणारं टांगतं वजन) करून बघ. तैवानच्या तैपेई 101 या टॉवरमध्ये 660 टनांचा गोळा 87 ते 92 मजल्यांदरम्यान टांगलाय. तुला पाऊण मीटर लांब, इंचभर रुंद, दोन मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी पुरे. वर्कशॉपच्या व्हाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) उभी आवळ, शेंड्याला वजन बांध, बोटानं ढकल आणि दहा झोक्यांना लागणारा वेळ मोज. मग शेंड्यालाच आडवी काडी लावून दोऱ्यानं नट (बोल्टची चाकी) टांग. झोका एका सेकंदाचा असेल तर दोरा साधारण 25 सेंटीमीटर लागतो. लांबी जुळली की नट जोरात हलायला लागतो आणि पट्टी शांत होत जाते. दोरा चार बोटं कमी केला तर बिघडतं, तेही नोंदव.

सिव्हिलवाला_नागपूर
हॅनकॉक पक्कं, सरांना आजच सांगतो. पट्टी शनिवारी इतवारीतून आणतो. लोलक दादा, वजन किती ठेवू?

लोलक
शेंड्याला अर्धा किलो, दोऱ्याला 25 ग्रॅमचा नट. व्हाइस घट्ट आवळ, ढिला राहिला तर मोजमाप चुकतं.