सेकंडहँड पीसीपी एअर रायफल : थांबून मारलेला पहिला शॉट वर का जातो?

कोथरूडचा_बाबा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रॉब्लेम कळणार नाही.

मुलगी नववीत आहे, दोन वर्षं झाली १० मीटर एअर रायफल करतेय. आधी क्लबची रायफल वापरायची, चार महिन्यांपूर्वी आम्ही एक सेकंडहँड जर्मन मॅच रायफल घेतली, पीसीपी (म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी), २०० बारचा सिलिंडर. आमच्यासारख्यांना नवीन परवडणं शक्यच नव्हतं. पहिले दोन महिने मस्त चालली, आता असं होतंय की सलग मारत असली की १०.३, १०.५ असे शॉट येतात, पण मध्ये पाणी प्यायला किंवा सरांशी बोलायला पाच-दहा मिनिटं थांबली की त्यानंतरचा पहिला शॉट थेट वर, ९.३ नाहीतर ९.४, बारा वाजताच्या दिशेला. दुसरा, तिसरा परत जागेवर. मॅचमध्ये असे दोन-तीन शॉट गेले की संपलंच.

सर म्हणतात ब्रेकनंतर पोझिशन बिघडते, बट (रायफलचं मागचं टोक) खांद्यावर नीट बसत नाही. मुलगी म्हणते मी तेच करतेय बाबा, रायफलच वेगळी वागतेय. गेल्या आठवड्यात घरी येऊन रडली. मला यातलं कळत नाही, पण ती खोटं बोलत नाहीये एवढं कळतं.

ऑफिसमधला एक मित्र म्हणतोय की ही विकून मॅगझिनवाली सेमी-ऑटो पीसीपी घे, लोड करायची भानगडच नको म्हणजे पोझिशन मोडणार नाही. दुसऱ्याने सांगितलं हॅमर स्प्रिंग (व्हॉल्व्हवर आपटणाऱ्या हॅमरची स्प्रिंग) टाइट कर, स्पीड वाढेल, शॉट स्थिर होतील. कोणाचं ऐकू?

दहा_मीटर_बालेवाडी

काका, आधी कोणाचंच ऐकू नका आणि रायफल उघडू नका. आधी मोजा.

तुम्ही लिहिलंय ते लक्षण वाचून पहिला संशय रेग्युलेटरवर जातो. सिलिंडरमध्ये २०० बार असतात पण शॉटला एवढं प्रेशर लागत नाही, म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो, तो ठरलेलं कमी प्रेशर छोट्या चेंबरमध्ये भरून बंद होतो. त्याची सीट (तो जिथे घट्ट बंद होतो ती जागा) झिजली किंवा बारीक कचरा अडकला की तो पूर्ण बंद होत नाही, हवा थोडी थोडी पुढे सरकत राहते आणि चेंबरमधलं प्रेशर वाढत जातं. सलग शॉट मारताना हे दिसत नाही कारण वाढायला वेळच मिळत नाही. दहा मिनिटं थांबलं की वाढलेलं प्रेशर पहिल्या शॉटला मिळतं, तो जोरात जातो, दुसऱ्यापासून परत नॉर्मल. रेंजवर याला रेग्युलेटर क्रीप म्हणतात. उलटं झालं असतं, म्हणजे पहिला शॉट हळू गेला असता, तर मी व्हॉल्व्ह चिकटतोय किंवा ग्रीस सुकलंय असं म्हटलं असतं.

टेस्ट सोपी आहे. क्रोनो (गोळीचा स्पीड मोजायचं यंत्र) मिळवा, क्लबमध्ये कोणाकडे तरी असतोच. एकाच डब्यातली पेलेट (शिशाच्या गोळ्या), एक-एक मिनिटाने पाच शॉट, मग दहा मिनिटं थांबून परत पाच, असं तीन वेळा, प्रत्येक आकडा वहीत लिहा. मॅच रायफलचा स्पीड साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद असतो.

स्प्रिंग टाइट करायच्या नादाला अजिबात लागू नका. ०.५३ ग्रॅमचं पेलेट १७५ ने गेलं की एनर्जी सुमारे ८ जूल होते आणि कागदाला तेवढी पुष्कळ झाली. स्पीड वाढवून मार्क वाढत नाहीत, प्रत्येक शॉटला तोच स्पीड मिळाला तर वाढतात.

नेमबाज_ताई

वरच्या दादांचं बरोबर आहे, पण एक हिशोब जोडते कारण नुसत्या स्पीडवर सगळं ढकलू नये असं मला वाटतं.

१७२ ने जाणारं पेलेट १० मीटरमध्ये अंदाजे साडेसोळा मिलिमीटर खाली येतं. १८२ ने गेलं तर पंधराच्या जरा खाली. म्हणजे स्पीड १० ने वाढला, जो फरक या रायफलला भरपूर म्हणायचा, तरी शॉट वर जाणार पावणेदोन मिलिमीटर. आता टार्गेटवर बघा, मधल्या बिंदूपासून अडीच मिलिमीटर सरकलं की १०.०, पाच सरकलं की ९.०, दर पाव मिलिमीटरला ०.१. म्हणजे तुमच्या लेकीचा ९.४ हा चार मिलिमीटर वर आहे. रेग्युलेटर पूर्ण बिघडलाय असं धरलं तरी उरलेले दोन-सव्वादोन मिलिमीटर आले कुठून?

म्हणून क्रोनोबरोबर क्लॅम्पवरही बघा. स्टॉक लाकडी ठोकळ्यांमध्ये चामडं किंवा जाड फेल्ट लावून हलक्या हाताने आवळायचा, बॅरल आणि सिलिंडर कधीच पकडायचा नाही. चांगली रायफल आणि तिला मानवणारं पेलेट असेल तर दहा शॉटचं मिळून एकच भोक पडतं, बाहेरून बाहेर सात मिलिमीटरच्या आसपास. मग दहा मिनिटं थांबून एक शॉट. क्लॅम्पवर जेवढा वर गेला तेवढा रायफलचा दोष. त्याहून जास्त जे काही मुलीच्या हातात जातंय ते एकतर पोझिशन किंवा काहीतरी सैल. अ‍ॅक्शन (बॅरल, व्हॉल्व्ह, ट्रिगरचा भाग) स्टॉकला धरणारे स्क्रू, मागची साइट, बट प्लेट, हे सगळं तपासा. अ‍ॅक्शन स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच लावायचे, मनगटाच्या अंदाजाने नाही.

हे सरांना दाखवायला पण बरं पडेल. मी स्वतः लहान असताना सहा महिने माझी चूक, माझी चूक म्हणून घेतली होती आणि शेवटी साइटचा बेस हलत होता. त्या सहा महिन्यांत ट्रिगर दाबायची भीती बसली ती जायला वर्ष गेलं. तुमच्या मुलीच्या बाबतीत ते होऊ देऊ नका.

सेमी-ऑटोचं म्हणाल तर १० मीटर इव्हेंटला एका वेळी एकच पेलेट लोड करायचं असतं, त्यामुळे तो विषयच येत नाही. आणि सेमी-ऑटोमध्ये बऱ्याचदा शॉटच्याच हवेतली थोडी हवा बोल्ट मागे ढकलायला जाते, म्हणजे प्रेशर हललं की स्पीडबरोबर फीडिंगही बिघडतं. मॅगझिन बॅरलशी केसभर जरी वाकडं आलं तरी मऊ शिशाच्या पेलेटचा मागचा घेर दबतो आणि ते कुठेही जातं. हाताने एकेक बसवताना बोटाला कळतं, हे वाकडंय, बाजूला ठेवा. सुट्टीत डबे पाडायला ठीक आहे, हिच्यासाठी नाही.

भोसरी_लेथ

माझं मशीन शॉप आहे, न्यूमॅटिकचं काम करतो, दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

एक, सिलिंडरवरची तारीख बघितली का? या सिलिंडरवर बनवल्याची तारीख ठोकलेली असते, बहुतेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात. सेकंडहँडमध्ये लोक रायफलची पॉलिश बघतात आणि हे विसरतात. २०० बार म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळपास शंभर पट प्रेशर आणि त्याला ती पोर गाल लावून उभी असते. मुदत संपली असेल तर आजपासून भरणं बंद.

दोन, नाना पेठेतून मापाची ओ-रिंग आणून टाकू असं कोणीतरी नक्की सुचवेल. माप जुळलं म्हणजे झालं नाही, हार्डनेस आणि मटेरियल पण तेच लागतं, मऊ रिंग या प्रेशरला खाचेतून बाहेर पिळली जाते. साधं ऑइल, पेट्रोलियमवालं काहीही हवेच्या वाटेत नको, आणि कोणी ऑक्सिजनच्या बाटल्यातून भरून देतो म्हणालं तर तिथून निघून या, तेलकट अंश आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. भरता कशाने? पावसाळ्यात हॅंडपंपने भरत असाल तर दमट हवेतलं पाणी आत जातंय, रेग्युलेटर खराब व्हायला तेवढं कारण पुरतं.

कोथरूडचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार घालवून सगळं केलं, आकडे देतो, कोणाला उपयोग झाला तर होईल.

क्रोनोवर सलग शॉट १७१ ते १७३. दहा मिनिटं थांबून पहिला शॉट तिन्ही वेळा १८१, १८२, १८१ आणि लगेच दुसरा १७२. क्लॅम्पवर तो शॉट जवळजवळ दोन मिलिमीटर वर. म्हणजे ताईंचा हिशोब अगदी बरोबर निघाला. उरलेल्याचं कारण पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू, पाव फेरा सैल होता. तिने रायफल स्टँडवर ठेवून परत उचलली की अ‍ॅक्शन थोडी बसायची आणि एक-दोन शॉटनंतर स्थिर व्हायची, निदान सर्व्हिसवाल्याने तरी असं समजावलं.

सिलिंडर बघितला तर मुदत संपून दीड वर्ष झालंय. ज्याने विकली त्याने हे सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. हॅंडपंपच वापरत होतो, जूनपासून. सर्व्हिसवाल्याने रेग्युलेटर उघडला तर आत ओलसर डाग आणि सीटवर चरा. सीट, सील बदलली, नवीन सिलिंडर घेतला, खिशाला जड गेलं पण भोसरीवाल्या दादांचं वाचल्यावर दुसरा विचार केला नाही. भरायला आता क्लबचा स्कूबा टँक, हळूहळू भरतो, घाईत भरलं की सिलिंडर गरम होतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो हेही कळलं.

आता थांबून पहिला शॉट १७३, १७४. वही सरांना दाखवली. त्यांनी शांतपणे सगळी पानं वाचली आणि तिला बोलावून म्हणाले, तुझं बरोबर होतं, पुढच्या वेळी लगेच येऊन सांग, मी ऐकेन.

नेमबाज_ताई

वाचून खूप बरं वाटलं. ती वही तिच्याच हातात द्या आता. सिलिंडर कधी भरला, पेलेटचा लॉट नंबर, महिन्यातून एकदा क्रोनोचे पाच आकडे, स्क्रू कधी तपासले, सगळं तिनेच लिहायचं. आणि सील नवीन आहे तर पहिले दोनशे-तीनशे शॉट झाल्यावर स्पीड परत एकदा बघा, नवीन सीट बसताना थोडा बदलतो.

कोथरूडचा_बाबा

हो ताई, लिहितेय ती. काल १८४ वा शॉट झाला.