इंग्रजी वाक्प्रचार आणि बोलीतले शब्द : अर्थ कळला, पण वापरायचा कुठे?

'ब्रेक द आइस' म्हणजे अवघडलेपण घालवणं, हे कुठलंही गाईड सांगतं. पण तो कार्यालयीन पत्रात चालतो का, भूतकाळात कसा होतो, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये अर्थ एकच लागतो का, हे शिकणाऱ्याला कळत नाही आणि तिथेच त्याची गाडी अडते. इथे शिक्षक, भाषांतरकार, परीक्षांची तयारी करून घेणारे, परदेशात राहणारे असे बरेच जण आहेत. ज्या भागाची खात्री आहे तेवढंच लिहा, पण नेमकं लिहा. नुसत्या याद्या नकोत, त्या बाजारात हव्या तेवढ्या मिळतात.

इंग्रजीच्या शिक्षिका, नाशिक

मराठी माध्यमातून आलेल्यांचा घात अनोळखी वाक्प्रचार करत नाहीत, ओळखीचे वाटणारे करतात. अनोळखी दिसला की विद्यार्थी शब्दकोश उघडतो. ओळखीचा वाटला की बिनधास्त वापरतो.

सगळ्यात ठळक उदाहरण 'पुल समवन्स लेग'. मराठीत पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे. इंग्रजीत मात्र ती नुसती फिरकी घेणं आहे, तीही बहुधा प्रेमानं. 'माय कलीग्ज ऑल्वेज पुल माय लेग' अशी तक्रार केली, तर ऐकणाऱ्याला वाटतं कार्यालयात वातावरण खेळीमेळीचं आहे. आपल्याला जे म्हणायचंय त्यासाठी 'दे होल्ड मी बॅक' किंवा 'दे अंडरमाइन मी' वापरा.

दुसरं 'वॉश युवर हँड्स ऑफ समथिंग'. याचा अर्थ हात झटकणे, जबाबदारी सोडून देणे. आपल्या डोक्यात मात्र 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे' असतं, म्हणजे संधीचा फायदा. शिवाय 'हात धुऊन मागे लागणे' आहेच. तिन्हींत हात धुतले जातात आणि तिन्हींचे अर्थ तीन दिशांना जातात. इंग्रजी रूपात 'ऑफ' गाळू नका. तो गेला की खरोखरच बेसिनपाशी उभं राहून हात धुतल्याचं वाक्य होतं.

जुळणारेही भरपूर आहेत आणि ते आधी शिकवावेत, कारण आत्मविश्वास येतो. आगीत तेल ओतणे म्हणजे 'अ‍ॅड फ्युएल टु द फायर', काणाडोळा करणे म्हणजे 'टर्न अ ब्लाइंड आय टु', नाक मुरडणे म्हणजे 'टर्न अप युवर नोज अ‍ॅट', हातावर पोट असणे म्हणजे 'लिव्ह फ्रॉम हँड टु माउथ'. यात चूक होते ती शेवटच्या शब्दयोगी शब्दात. नाक 'अ‍ॅट' घेतं, डोळा 'टु' घेतो. त्यामुळे वहीत वाक्प्रचार अर्धा लिहू नये, पुढचा शब्द जोडूनच लिहावा.

व्याकरण शिकवतो, कोल्हापूर

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. त्यात रचनेची भर घालतो.

प्रत्येक वाक्प्रचाराला चार प्रश्न विचारा. काळ बदलतो का? मधलं सर्वनाम बदलतं का? कर्मणी होतो का? उपपद (अ, अ‍ॅन, द) कुठलं?

काळ बहुतेकांचा बदलतो. सर्वनाम विसरलं जातं, कारण शब्दकोशात 'लूज वन्स टेम्पर' असं छापलेलं असतं आणि मुलं 'ही लॉस्ट वन्स टेम्पर' लिहितात. 'वन्स' ही रिकामी जागा आहे. तिथे 'हिज', 'माय', 'देअर' भरायचं असतं.

कर्मणीचं गणित मजेदार आहे. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे, आणि 'द बीन्स वेअर स्पिल्ड' चालतं, कारण इथे 'बीन्स' म्हणजे गुपित असं मनात मांडता येतं. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. त्याचं 'द बकेट वॉज किक्ड' केलं की मरण संपलं आणि खरीच बादली लाथाडली गेली, कारण त्यात बादलीला स्वतंत्र अर्थच नाही. तुकड्यांना स्वतःचा अर्थ देता येत असेल तर रचना थोडी हलवता येते, नाही तर अजिबात नाही. ही कसोटी बऱ्याच ठिकाणी कामी येते. आणि 'किक द बकेट' शोकसंदेशात कधीही लिहू नका, तो उडाणटप्पू शब्द आहे. तिथे 'पास्ड अवे'.

उपपदं मराठीत नाहीत, म्हणून ती आपल्याकडून गळतात. 'आउट ऑफ द क्वेश्चन' म्हणजे शक्यच नाही. त्यातला 'द' काढला तर जुन्या इंग्रजीत अर्थ होतो निःसंशय, म्हणजे बरोब्बर उलटा. कधी उपपदाऐवजी एखादं अक्षरच गळतं : 'हेड्स-अप' म्हणजे आगाऊ सूचना. त्यातला 'स' खाल्ला की 'हेड अप' होतं, म्हणजे एखाद्या विभागाचं प्रमुख असणं.

आयेल्ट्सची तयारी करून घेणारी, पुणे

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेपुरतं सांगते. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि चार निकषांवर सारखेच गुण असतात : ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. सातव्या बँडच्या, म्हणजे सात गुणांच्या पातळीच्या, शब्दसंपदेत वाक्प्रचारयुक्त भाषा अपेक्षित आहे हे वाचून मुलं वीस वाक्प्रचार पाठ करतात आणि पहिल्या दोन मिनिटांत ओततात. परीक्षकाला पाठांतर लगेच कळतं.

त्या निकषात वाक्प्रचार म्हणजे नुसतं 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' नव्हे. हे वाक्य आपल्या गाइडांत अजून पहिल्या पानावर असतं, पण रोजच्या बोलण्यात आता क्वचित ऐकू येतं. 'इट्स पोअरिंग' म्हणा. निकषात शैलीचं भान आणि शब्दांची स्वाभाविक जोडीही येते. 'हेवी रेन' बरोबर, 'स्ट्राँग रेन' चूक. 'हेवी ट्रॅफिक' बरोबर, 'बिग ट्रॅफिक' चूक. या जोड्या पाठ करण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

उच्चारात वाक्प्रचार एका श्वासात, एका शब्दासारखा जातो. 'पीस ऑफ केक' हा 'पीसव्केक' असा, जोर 'केक'वर. 'कॉल इट अ डे' हा 'कॉलिटडे'च्या जवळ जातो. चारही शब्दांवर सारखा जोर दिला की तो वाचून दाखवल्यासारखा वाटतो. आणि लेखी परीक्षेच्या निबंधात 'पीस ऑफ केक' घालू नका, तिथे 'रिलेटिव्हली ईझी' शोभतं.

लीड्स, इंग्लंड

वेळेपासून सुरुवात करतो, कारण इथे चुकलं तर गाडी चुकते. 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात. साडेसहा नव्हे.

'यू ऑलराइट?' हे नमस्कारासारखं आहे. प्रकृतीची चौकशी समजून पाठदुखी सांगू नये. उत्तर 'येस, यू?' एवढंच. 'चीअर्स' म्हणजे बहुतेक वेळा नुसतं आभार. उत्तर इंग्लंडात अनेक घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण, तेव्हा 'कम राउंड फॉर टी' ऐकल्यावर नक्की काय आहे ते विचारून घ्यावं.

'नॉट बॅड' ही इथे चांगली शाबासकी आहे. उलट 'क्वाइट गुड' म्हणजे ठीकठाक. तेच अमेरिकन माणसानं म्हटलं तर बऱ्यापैकी कौतुक. वरिष्ठांनी अहवालावर 'क्वाइट गुड' लिहिलं तर लिहिणारा कुठला ते आधी पाहा. 'पिस्ड' या असभ्य शब्दाचा अर्थ इथे दारू चढलेला आणि अमेरिकेत चिडलेला असा होतो. ऐकून कळावा, पण वापरू नये.

क्रिकेटचे वाक्प्रचार आपल्याला सोपे वाटतात आणि म्हणूनच फसवतात. 'नॉक्ड फॉर सिक्स' ऐकून कुणीतरी षटकार मारला असं वाटतं, पण इथे तुम्ही चेंडू आहात. अर्थ होतो मोठा धक्का बसून कोलमडणं. 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' हे दीर्घायुष्य जगून गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात. निवृत्तीच्या समारंभात साहेब समोर बसलेले असताना ते म्हणणं जोखमीचं. 'ऑफ हिज ओन बॅट' म्हणजे कुणी न सांगता, आपणहून.

न्यू जर्सी, अमेरिका

इथे क्रिकेट चालत नाही, 'स्टिकी विकेट' (अडचणीची परिस्थिती) म्हटलं तर समोरचा नुसता बघत राहतो. इथली भाषा बेसबॉलची आहे. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा, 'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क साधणं, 'थ्रो अ कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण टाकणं, जवळजवळ आपली गुगली.

'आय विल टेक अ रेन चेक' हा नकार आहे, हे पहिल्यांदा लक्षात येत नाही. पावसानं सामना रद्द झाला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्यासाठी जी चिठ्ठी मिळे ती 'रेन चेक'. अर्थ : आत्ता नाही, पुन्हा कधी तरी. दुकानातही हा शब्द भेटतो. सवलतीतली वस्तू संपली असेल तर नंतर त्याच भावात मिळावी म्हणून काही दुकानं अशी चिठ्ठी देतात.

सगळ्यात धोक्याचा शब्द 'टेबल'. ब्रिटिश सभेत प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे चर्चेला मांडला. अमेरिकेत 'टेबल' केला म्हणजे बाजूला ठेवला. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांमध्ये या एका शब्दावरून लांबलचक वाद झाला होता, चर्चिल यांनी तो नोंदवून ठेवलाय. आपली विधिमंडळं ब्रिटिश वळणाची. कागद पटलावर ठेवला की तो सभागृहापुढे आला. त्यामुळे भारतीय माणूस अमेरिकन बैठकीत हमखास चुकतो. दोन्ही देशांचे लोक असतील तर 'डिस्कस नाउ' किंवा 'पोस्टपोन' असं सरळ म्हणा. 'मूट पॉइंट'चंही तसंच : ब्रिटनमध्ये वादाचा मुद्दा, अमेरिकेत आता अर्थ न उरलेला मुद्दा. आपल्या विधी महाविद्यालयातलं 'मूट कोर्ट', म्हणजे सरावाचा खटला, आठवला की ब्रिटिश अर्थ पटकन लक्षात राहतो.

मेलबर्न

छोटीशी भर. निमंत्रणात 'प्लीज ब्रिंग अ प्लेट' लिहिलं असेल तर रिकामी ताटली नेऊ नका. सगळ्यांना वाटून खाता येईल असा पदार्थ न्यायचा असतो. 'माय शाउट' म्हणजे या वेळचे पैसे मी देतो, आणि पुढची फेरी तुमची हे त्यात गृहीत असतं.

आयटीत तांत्रिक लेखन, हिंजवडी

परदेशी सहकाऱ्यांना आपले काही शब्द वेगळेच ऐकू येतात. 'आय पास्ड आउट इन २०१८' म्हणजे त्यांच्या लेखी तुम्ही बेशुद्ध पडलात, 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'आय हॅव अ डाउट' म्हणजे तुमचा विश्वास नाही, 'क्वेश्चन' म्हणा. 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. सॉफ्टवेअरच्या चर्चेत 'आय विल रिव्हर्ट' लिहिलं तर केलेला बदल तुम्ही मागे घेणार, असं समोरचा समजू शकतो. 'रिप्लाय' पुरेसं आहे. 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) हा शब्द तर्काला धरून आहे आणि इंग्रजी शब्दकोशांत भारतीय इंग्रजी म्हणून त्याची नोंदही आहे, माझ्या मते त्याची लाज वाटायचं कारण नाही. भारताबाहेर मात्र 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा आणि सोबत तारीख-वेळ द्या. 'मूव्ह इट फॉरवर्ड'चा अर्थ काही जण अलीकडे घेतात, काही जण पलीकडे.

महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, छत्रपती संभाजीनगर

तरुणांच्या बोलीबद्दल. 'रिझ' हा २०२३चा आणि 'ब्रेन रॉट' हा २०२४चा ऑक्सफर्डचा वर्षशब्द. 'रिझ' म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी, 'कॅरिझ्मा'च्या पोटातून निघालेला. 'नो कॅप' म्हणजे खोटं नाही, 'घोस्टिंग' म्हणजे काही न सांगता संपर्क तोडणं.

यातले बरेच शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून आलेत. 'शेड' (टोमणा) आणि 'स्ले' (अफलातून कामगिरी करणं) पसरले ते न्यूयॉर्कच्या बॉलरूम संस्कृतीतून, म्हणजे वेशभूषा-नृत्याच्या स्पर्धांच्या संस्कृतीतून, जी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलैंगिक व तृतीयपंथी लोकांनी उभी केली. हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवं, कारण ज्यांचे शब्द आहेत त्यांची बोली अशुद्ध ठरवून हिणवायचं आणि शब्द तेवढे उचलायचे, हा अन्याय आहे. व्यवहारापुरतं इतकंच : शब्द कळू द्या, पण तो तुमच्या वयाच्या माणसानं तुमच्याशी वापरल्याशिवाय तुम्ही वापरू नका. असे शब्द फार लवकर शिळे होतात. 'कूल'सारखा पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा एखादाच.

भाषांतरकार, ठाणे

व्युत्पत्तीच्या गोष्टींवर पटकन विश्वास ठेवू नका. गवताच्या छपरावरून पावसात कुत्री-मांजरं घसरायची म्हणून 'कॅट्स अँड डॉग्ज' आलं, ही कथा १९९९मध्ये फिरलेल्या एका ईमेलमुळे जगभर गेली. तिला आधार नाही. 'सेव्ह्ड बाय द बेल'ही शवपेटीतल्या घंटेतून नव्हे, मुष्टियुद्धातून आलं.

खरी मूळकथा हवी असेल तर नाशिकजवळ या. ब्रिटिश बोलीत 'गो डूलॅली' म्हणजे डोकं फिरणं. हे देवळाली. मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत अडकून पडत. मूळ रूप 'डूलॅली टॅप', त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. थट्टेत चालतो, खऱ्या मानसिक आजाराबद्दल वापरू नये. 'पक्का' म्हणजे अस्सल, खुशीतून आलेला 'कुशी' म्हणजे आरामाचा, विलायतीतून आलेला 'ब्लायटी' म्हणजे मायदेश ब्रिटन, हेही असेच इथून गेलेले.

पडताळणीची रीत : आधी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात वाक्प्रचारातल्या मुख्य नामाखाली पाहा आणि अर्थाआधीची खूण वाचा, म्हणजे अनौपचारिक, जुनाट, अपमानकारक वगैरे. मग भाषासंग्रहात, म्हणजे खऱ्या बोलण्या-लिहिण्यातल्या वाक्यांच्या साठ्यात, शोधा. ब्रिटिश वापरासाठी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे, १० कोटी शब्दांचा, पण विसाव्या शतकाच्या अखेरचा, त्यामुळे नवी बोली तिथे सापडणार नाही. अमेरिकन वापरासाठी 'कोका' (कॉर्पस ऑफ काँटेम्पररी अमेरिकन इंग्लिश), १९९० ते २०१९ या काळातले १०० कोटी शब्द. सापडलेल्या वाक्यांपैकी दहा तरी वाचा आणि कोण कुणाला बोलतंय तेवढंच टिपा. नुसत्या कथा-कादंबऱ्यांतच दिसत असेल तर वाचण्यापुरता ठेवा. संवादांत, मुलाखतींत दिसत असेल तर बोलायला घ्या. वहीत अर्थाऐवजी त्यातलं एक पूर्ण वाक्य उतरवा, आणि समासात देश लिहा.