सात वर्षांच्या मुलाची अतिचंचलता: निदान कसे होते, आणि तोपर्यंत घरी काय करावे?

नाशिककर_आई

नमस्कार. आमच्या मुलाला डिसेंबरच्या अखेरीस सात वर्षे पूर्ण झाली असून तो दुसरीत आहे. पायाला भिंगरी लागल्यासारखा तो दिवसभर घरात फिरत असतो, जेवताना ताटावरून उठतो, समोरच्याचा प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देतो आणि रस्त्यावर हात सोडवून धावतो. या शेवटच्या गोष्टीची मला फार भीती वाटते. शाळेच्या डायरीत ‘जागेवर बसत नाही, इतरांना त्रास देतो’ असे शेरे येऊ लागले आहेत आणि पालकसभेत बाईंनी एकदा तज्ज्ञांना दाखवण्याचे सुचवले. सासूबाई म्हणतात की त्याचे बाबाही लहानपणी असेच होते आणि पुढे सगळे सुरळीत झाले. यजमानांना वाटते की मी धाक ठेवत नाही. माझा गोंधळ यामुळे आणखी वाढतो की ठोकळ्यांची इमारत रचताना हाच मुलगा तासभर हलत नाही. मग त्याचे लक्ष लागत नाही असे तरी कसे म्हणावे?

हा वयाचा अवखळपणा आहे की एडीएचडी (अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांचा विकार), हे कोण आणि कसे ठरवते? साखर बंद केल्याने फरक पडतो का? आणि निदान होईपर्यंत घरी मी काय करावे?

प्राथमिक_शिक्षिका

ताई, तुम्ही जन्ममहिना सांगितलात हे बरे झाले. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही वयाची सीमा धरली जात असल्याने डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात जवळजवळ सर्वांत लहान असते आणि त्याच्या शेजारी दहा-अकरा महिन्यांनी मोठी मुले बसलेली असतात. या वयात तेवढे अंतर फार असते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही शाळाप्रवेशाची हीच तारीख आहे. तेथील सहा ते बारा वर्षांच्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचे निदान मिळण्याची शक्यता जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळली. लहान मुलांची तुलना मोठ्यांशी होते, हेच त्यामागचे कारण दिसते. म्हणून वर्गातील ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या मानाने तो कसा वाटतो, हे पाहण्याची विनंती बाईंना करा. तपासणी टाळावी असा याचा अर्थ मुळीच नाही. तुम्ही रस्त्याबद्दल जे लिहिले आहे, त्यावरून ती व्हायला हवी असेच माझे मत आहे.

अशा मुलाला मी दार-खिडकीपासून दूर, फळ्याजवळ बसवते, एका वेळी एकच सूचना देते आणि वह्या वाटणे, फळा पुसणे अशी जागेवरून उठण्याची कामे त्याच्याकडेच सोपवते. मधली सुट्टी किंवा खेळाचा तास शिक्षा म्हणून बंद करणे ही मात्र अत्यंत चुकीची पद्धत आहे, कारण ज्याला हालचालीची सर्वाधिक गरज असते त्याचीच हालचाल त्यात थांबवली जाते. तुमच्या शाळेत तसे होत असेल तर आवर्जून बोला.

बालविकास_तज्ज्ञ

एडीएचडीचे निदान रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने होत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांत अवधानाच्या अभावाची नऊ आणि अतिचंचलता व उतावळेपणाची नऊ लक्षणे दिली आहेत. मुलांच्या बाबतीत यांपैकी एका तरी गटातील किमान सहा लक्षणे वयाच्या मानाने जास्त प्रमाणात कमीत कमी सहा महिने टिकलेली असावी लागतात. काही लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून आणि घर व शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात. आणि त्यामुळे शिकण्यात किंवा मैत्रीत खरा अडथळा येत असावा लागतो. यासाठीच पालक आणि शिक्षक या दोघांकडून प्रश्नावल्या भरून घेतात. शाळेकडून काहीही न विचारता पहिल्याच भेटीत कोणी निदान सांगितले, तर दुसरे मत घ्या. श्रवण, झोप, लोहाची कमतरता आणि वाचन-लेखनातील अडचण यांचीही तपासणी झाली पाहिजे. अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची ग्रंथी) वाढल्यामुळे रात्री घोरणारी मुले दिवसा अस्थिर दिसू शकतात.

ठोकळ्यांवरून निदान पक्केही होत नाही आणि खोटेही ठरत नाही. आवडत्या कामात ही मुले रमतात. कंटाळवाण्या कामाकडे लक्ष वळवणे आणि तेथे टिकवणे त्यांना जड जाते. सासूबाईंचे निरीक्षण डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता, म्हणजे मुलामुलांमधील फरकात अनुवंशाचा वाटा, ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास असल्याचे दिसते. धाक कमी पडल्याने हा विकार होत नाही, हे यजमानांनी डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकलेले बरे, म्हणून त्यांनाही सोबत न्या.

साखरेविषयी १९९४ साली दोन महत्त्वाचे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात मुलांना काही आठवडे साखरेचा आणि काही आठवडे कृत्रिम गोडीचा आहार दिला गेला, आणि कोणता आहार कधी चालू आहे हे घरच्यांनाही ठाऊक नव्हते. वागण्यात फरक आढळला नाही. दुसऱ्यात आपल्या मुलाला साखर दिली आहे असे आयांना सांगण्यात आले, प्रत्यक्षात दिली नव्हती, तरी त्यांना मुले अधिक चंचल वाटली. दातांसाठी साखर जरूर कमी करा, चंचलतेवरचा उपाय म्हणून नको.

नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालयात डीईआयसी केंद्राची (मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राची) चौकशी करा. ही केंद्रे ज्याचा भाग आहेत तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि त्यात तपासल्या जाणाऱ्या ३० स्थितींमध्ये एडीएचडीचा समावेश आहे.

नाशिककर_आई

आपण दोघींनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. निदान झालेच तर औषध द्यावे लागेल का? मुलाला गुंगी येईल किंवा सवय लागेल, अशी धास्ती घरात सर्वांनाच आहे.

नववीतल्या_मुलाचा_बाबा

माझा मुलगा तिसरीपासून एडीएचडीचे औषध घेतो, म्हणून लिहीत आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची शिफारस अशी आहे की सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि त्यापुढील वयात औषधाबरोबर हे प्रशिक्षण व शाळेतील साहाय्यही असावे. म्हणजे औषध दिले तरी घरचे काम सुटत नाही.

ते काम आजच सुरू करता येईल. लांबून ‘लवकर आवर’ असे ओरडण्याऐवजी जवळ जाऊन, डोळ्यांत पाहून ‘आता मोजे घाल’ एवढेच सांगा आणि मोजे घातल्याबरोबर त्याच कामाचे नाव घेऊन कौतुक करा. दिवसाअखेरीच्या शाबासकीचा अशा मुलांवर तेवढा परिणाम होत नाही. गृहपाठाचे लहान तुकडे करा, मध्ये उठू द्या, पाढे उभ्याने म्हणू द्या. घराबाहेर पाऊल टाकण्याआधी रस्त्याचा नियम त्याच्याकडूनच वदवून घ्या आणि बोटाऐवजी मनगट धरा. आजी, बाबा आणि तुम्ही यांचे नियम एकच असतील, तरच हे टिकते.

औषधाविषयी सांगायचे तर नेहमी दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक आहे, झोपेचे औषध नव्हे. मूल गुंगीत दिसू लागले तर मात्रा जास्त झाली असण्याची शक्यता असते आणि ते डॉक्टरांना लगेच कळवावे लागते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत घेतल्यास व्यसन लागण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. भूक मंदावणे आणि झोप उशिरा लागणे हे त्रास मात्र खरे आहेत. आमच्याकडे दुपारचा डबा अर्धा परत येत असे, म्हणून गोळीआधी भरपेट न्याहारी आणि संध्याकाळी परिणाम ओसरल्यावर पूर्ण जेवण अशी व्यवस्था आम्ही लावली. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची ठरावीक काळाने नोंद होईल याची खात्री करून घ्या. हे औषध कायद्याने नियंत्रित असल्याने चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात ते नसतेही, तेव्हा आधीचे पाकीट संपत येण्यापूर्वीच पुढची सोय करून ठेवा.