मदत हवी आहे: सीनियरच्या डिझाइनमधली चूक कशी सांगायची?

मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्याकडे पेमेंट सर्व्हिसमध्ये रिट्राय टाकतायत, म्हणजे टाइमआउट आला (ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही) की तीच रिक्वेस्ट परत पाठवायची, पण आयडेम्पोटन्सी की (key), म्हणजे ही तीच जुनी रिक्वेस्ट आहे हे समोरच्या सर्व्हरला ओळखता यावं म्हणून सोबत पाठवायचा खास क्रमांक, कुठेच नाहीये. टाइमआउट आला म्हणजे व्यवहार झालाच नाही असं थोडीच असतं, कधीकधी समोरच्या सर्व्हरने पैसे कापलेले असतात, फक्त उत्तर आपल्यापर्यंत पोचलेलं नसतं, मग रिट्राय केला की त्याच माणसाचे पैसे दुसऱ्यांदा कापले जाणार. डिझाइन करणारे सर खूप अनुभवी आहेत, मी टीममध्ये सगळ्यात ज्युनियर. मीटिंगमध्ये विषय काढला तर "नंतर बघू" म्हणाले आणि तो तिथेच राहिला. मग मी टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये रिस्पॉन्स मुद्दाम उशिरा पाठवून बघितला, एका ऑर्डरच्या दोन एंट्री पडल्या, लॉग आहेत माझ्याकडे. हे सरांना एकट्यात दाखवू की कोड रिव्ह्यूमध्ये सरळ कमेंट टाकू? सगळ्यांसमोर लिहिलं तर त्यांना कमीपणा वाटेल, पण तोंडी बोललेलं परत राहून जाईल अशी धास्ती वाटते. आणि तरीही नाही ऐकलं तर मॅनेजरना सांगणं म्हणजे परस्पर तक्रार केल्यासारखं होईल का? लोकांच्या पैशाचा प्रश्न आहे, गप्प बसवत नाहीये. ज्यांनी असं काही हाताळलंय त्यांनी सुरुवात नेमकी कोणत्या शब्दांत केली ते सांगा प्लीज.